अकाउंट कोण देणार, कोण काढून घेणार? डेबियनच्या घटनेचं एक वाचन

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला लॅबच्या क्लस्टरवर अकाउंट मिळायला सव्वा महिना लागला. अर्ज कुठे करायचा हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. सर म्हणाले, सिनिअरला सांग. सिनिअर म्हणाला, सरांनी हो म्हटलं की करतो. सर म्हणाले, मी कधीच हो म्हटलंय. मधल्या काळात काम अडू नये म्हणून सिनिअरने स्वतःचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि आम्ही तिघंजण तो वापरायला लागलो. पुढे तो पोस्टडॉकसाठी परदेशी गेला. आमची अकाउंट्स झाली, तरी त्याचंच अकाउंट सवयीने चालू राहिलं, कारण त्याला सगळ्यांच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी होती.

एका सोमवारी सकाळी एका मैत्रिणीचं पाच महिन्यांचं सिम्युलेशन आउटपुट गायब झालेलं दिसलं. बॅकअप नव्हता. लॉगमध्ये नाव होतं सिनिअरचं, आणि तो त्या वेळी दुसऱ्या खंडात झोपलेला होता. फोल्डर कुणी उडवला हे आजपर्यंत कळलेलं नाही. आम्हा तिघांपैकीच कुणीतरी. मीही असू शकते. तिचा सिनॉप्सिस एक सेमिस्टर पुढे गेला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. जिथे कुणी कुणाचा नोकर नाही, पगार नाही, बॉस नाही, तिथे 'याला आत घ्या' आणि 'याचं बंद करा' हे कुणी म्हणायचं? लॅबमध्ये निदान सर तरी असतात. पण जगभर पसरलेली हजारेक माणसं फुकट काम करतात, एकमेकांना बहुतेक वेळा भेटलेलीही नसतात, तिथे हे कसं चालत असेल? याचं उत्तर लिखित स्वरूपात आणि उघड्यावर ठेवणारी एक संस्था आहे : डेबियन. आज तिची व्यवस्था आपण एखाद्या शोधनिबंधासारखी वाचणार आहोत, म्हणजे काय चांगलं आहे ते बघायचं आणि कुठे फट आहे तिथे बोट ठेवायचं.

डेबियन म्हणजे काय, थोडक्यात

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम. इयान मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा प्रकल्प सुरू केला. उबुंटू डेबियनवरूनच तयार होतं, त्यामुळे तुमच्या लॅबमधल्या निम्म्या मशीन्सवर नाव काहीही असो, आत डेबियनचं काम असण्याची शक्यता भरपूर. ते बनवणारे लोक स्वयंसेवक आहेत. काहींना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात, पण डेबियन स्वतः कुणाला नोकरीवर ठेवून हे करत नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये या लोकांनी स्वतःसाठी एक घटना मंजूर केली. होय, घटनाच म्हणतात तिला. दरवर्षी सदस्य मतदान करून एक प्रमुख निवडतात. प्रमुख वेगवेगळ्या कामांसाठी प्रतिनिधी नेमतो.

आधी हे बघा की अकाउंट ही एक वस्तू नाही

आपण 'अकाउंट' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर युजरनेम आणि पासवर्ड येतो. डेबियनच्या पूर्ण सदस्याला मात्र चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात : मतदानाचा हक्क, मुख्य भांडारात पॅकेज अपलोड करण्याचा हक्क, प्रकल्पाच्या मशीन्सवर लॉगिन, आणि प्रकल्पाच्या नावाचा ईमेल पत्ता. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात जोखमीची. एका माणसाने अपलोड केलेलं पॅकेज जगभरच्या सर्व्हरवर जाऊन बसतं.

बरीच वर्षं हे चारही हक्क एकाच गाठोड्यात बांधलेले होते. मिळाले तर सगळे, नाहीतर एकही नाही. मग साहजिकच पारख सगळ्यात जोखमीच्या हक्काला शोभेल अशी करावी लागायची. एखादा माणूस वर्षानुवर्षं भाषांतर करत असेल, तर त्यानेही पॅकेज बांधून दाखवायचं का? ही गाठ दोनदा सैल केली गेली. २००७ मध्ये 'डेबियन मेंटेनर' ही पायरी मतदानाने आली : ठरावीक पॅकेजं अपलोड करा, पण मत नाही. २०१० मध्ये उलट्या बाजूने ठराव झाला : पॅकेज न बांधणाऱ्यांनाही सदस्य म्हणून घ्या, मत द्या, अपलोडचा हक्क न देता.

माझ्या मते डेबियनच्या इतिहासातल्या या दोन सगळ्यात शहाण्या दुरुस्त्या आहेत. आमच्या लॅबचा घोटाळा नेमका इथेच होता. आम्हाला हवं होतं जॉब चालवायची परवानगी. चिठ्ठीवर मिळालं सगळ्यांच्या फोल्डरमध्ये लिहायचं बळ.

दारावर किती माणसं?

आता आत येण्याचा रस्ता बघू. तुम्हाला डेबियनचं सदस्य व्हायचं आहे असं समजा.

सगळ्यात आधी तुमची ओळख. तुमच्याकडे एक गुप्तलेखनाची चावी असते आणि ती तुमचीच आहे याची खात्री आधीच्या सदस्यांनी द्यावी लागते. बरीच वर्षं याचा अर्थ होता, त्यांनी तुम्हाला भेटून, ओळखपत्र पाहून तिच्यावर सही करणं. मग एखादा सदस्य तुमची शिफारस करतो : मी याचं काम पाहिलंय, याला घ्या. मग फ्रंट डेस्क नावाचा गट तुमचा अर्ज एका ॲप्लिकेशन मॅनेजरकडे देतो. तो तुमच्याशी ईमेलवर लांबलचक संवाद करतो : प्रकल्पाची तत्त्वं समजली आहेत का, पद्धती माहीत आहेत का, हाताने काम येतं का. त्याचा अहवाल फ्रंट डेस्क तपासतो. शेवटचा निर्णय घेतात 'डेबियन अकाउंट मॅनेजर'. त्यांनी हो म्हटलं की कीरिंग सांभाळणारी टीम तुमची चावी अधिकृत जुडग्यात घालते आणि मशीन्स सांभाळणारी वेगळी टीम लॉगिन तयार करते.

मोजा. ओळख पटवणारे वेगळे, शिफारस करणारा वेगळा, परीक्षा घेणारा वेगळा, निर्णय घेणारे वेगळे, प्रत्यक्ष चावी फिरवणारे वेगळे. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, ही तर सरकारी कचेरीची फाईल झाली, या टेबलावरून त्या टेबलावर. पण जरा थांबून बघा. प्रत्येक टेबलावर प्रश्न वेगळा आहे. 'हा माणूस खरंच तोच आहे का' आणि 'हा माणूस चांगलं काम करतो का' हे दोन प्रश्न एकाच माणसाने एकाच वेळी सोडवायला घेतले, तर दुसऱ्याच्या उत्तराने पहिल्याचं उत्तर झाकलं जातं. काम चांगलं करतो ना, मग ओळख कशाला बघायची!

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या छोट्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोनेक वर्षं उत्तम काम करून विश्वास कमावला होता. प्रकल्प एकट्या, थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता. इतर काही अकाउंट्सवरून त्याच्यावर दबाव येत राहिला की दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. शिफारस, पारख, निर्णय आणि चावी, सगळं त्या एका माणसात होतं, आणि त्याला 'जरा विचारून सांगतो' म्हणायला दुसरं टेबलच नव्हतं. डेबियनच्या पद्धतीने इतका चिकाटीचा माणूस अडला असता असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण निदान त्याला एकापेक्षा जास्त माणसांच्या नजरेखालून जावं लागलं असतं.

याची किंमतही आहे, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. जर्मनीत राहणाऱ्याला चावीवर सही करणारे सदस्य पुढच्या गावात भेटतात. आपल्याकडे तसं नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला झाली, तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांना रेल्वेच्या तिकिटात खूप सदस्य एकदम भेटले. अशी संधी रोज येत नाही. ओळखीची जबाबदारी 'समोरासमोर भेटा' या नियमावर टाकली, की भूगोलही दारावर उभा राहतो.

घटनेतलं मला सगळ्यात आवडलेलं कलम

घटनेचा आठवा भाग प्रतिनिधींबद्दल आहे. त्यात अशी तरतूद आहे की काही निर्णय प्रमुख स्वतः घेऊच शकत नाही, ते फक्त त्याने नेमलेले प्रतिनिधी घेऊ शकतात. उदाहरण म्हणून थेट सदस्यत्वच दिलं आहे : कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं. कारणही तिथेच लिहिलं आहे, की सत्ता, विशेषतः सदस्यत्वावरची सत्ता, प्रमुखाच्या हातात एकवटू नये.

पुढची कडी आणखी पक्की आहे. प्रतिनिधीला नेमणं आणि बदलणं प्रमुखाच्या हातात आहे, पण अमुक निर्णय दे तरच पदावर ठेवतो अशी अट तो घालू शकत नाही, आणि प्रतिनिधीने दिलेला निर्णय तो फिरवू शकत नाही. प्रमुख स्वतःलाच प्रतिनिधी नेमू शकत नाही. निर्णय फिरवायचाच असेल, तर सगळ्या सदस्यांचा ठराव लागतो.

याचं महत्त्व कळायला आपल्या हाउसिंग सोसायटीचा विचार करा. मतदार यादी जो ठरवतो, तोच निवडणुकीला उभा असेल तर काय होईल? डेबियनमध्ये सदस्य प्रमुखाला निवडतात. प्रमुखालाच सदस्य निवडता आले असते, तर चक्र पूर्ण झालं असतं. म्हणून तिथे मुद्दाम एक दुवा तोडला आहे. इतक्या कमी शब्दांत इतका नेमका धोका ओळखणारं कलम मी क्वचित वाचलं आहे.

आणि जिथे घटना गप्प बसते

आता टीकेचा भाग. घटनेच्या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच म्हटलं आहे की ही घटना कुणावरही काम करण्याचं बंधन घालत नाही. सोपवलेलं काम करायचं नसेल तर करू नका, फक्त नियमांच्या विरोधात मुद्दाम वागू नका. स्वयंसेवी प्रकल्पात दुसरं काय लिहिणार? बरोबरच आहे.

पण ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतं, सदस्यत्वाचा निर्णय फक्त या प्रतिनिधींनीच घ्यायचा, प्रमुखानेही नाही. दुसरं म्हणतं, प्रतिनिधींवर काम करण्याची सक्ती नाही. मग प्रतिनिधींनी 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही तर? चुकीचा निर्णय फिरवायला ठराव आहे. न घेतलेला निर्णयही ठरावाने घेता येतो, पण एकेका अर्जासाठी सगळ्या सदस्यांचं मतदान मागणार कोण?

हे काल्पनिक नाही. १९९९ मध्ये नवे सदस्य घेणं काही काळ बंदच झालं होतं आणि २००० मध्ये ॲप्लिकेशन मॅनेजरांची नवी पद्धत आणून दार पुन्हा उघडलं. त्यानंतरच्या वर्षांतही, परीक्षा संपून अहवाल तयार असलेले अर्जदार शेवटच्या होकारासाठी महिनोन्‌महिने थांबले. अकाउंटचा निर्णय, चाव्यांचं जुडगं आणि मशीन्सची देखभाल, कागदावर वेगळी असलेली ही पदं प्रत्यक्षात बऱ्याच अंशी त्याच मोजक्या माणसांकडे होती. लोक चिडले, पुष्कळ वाद झाले. त्या माणसांचा हेतू वाईट होता असं मला दिसत नाही. उलट, दुसरं कुणी पुढे येत नाही म्हणून ती माणसं एकेक काम अंगावर घेत गेली असणार. आमच्या सिनिअरचंही तेच. तो वाईट नव्हता, तो एकटा होता.

इथे मला घटनेची खरी मर्यादा दिसते. तिने पदं वेगळी केली, माणसं वेगळी करण्याची सक्ती मोजक्याच पदांपुरती केली. प्रमुख, सचिव आणि तांत्रिक समितीचा अध्यक्ष ही तीन माणसं वेगळी हवीत, एवढं ती सांगते. अकाउंट देणारा आणि चावी फिरवणारा वेगळा असावा, असं घटनेत नाही. पुढे टीम्स वाढल्या आणि कामं खरोखर वाटली गेली, ती प्रमुखांच्या नेमणुकांमुळे आणि लोकांच्या रेट्यामुळे. कीरिंगची टीम आता साधारण महिन्यातून एकदा बदल प्रसिद्ध करते. 'महिन्यातून एकदा' हे दोन शब्द मला शंभर कलमांइतके मोलाचे वाटतात, कारण थांबलेल्या माणसाला किती थांबायचं ते कळतं.

आणखी एक विसंगती. २०१८ च्या अखेरीस सदस्यत्व काढून घेण्यावरून मोठा वाद झाला. २०१९ च्या जानेवारीत अकाउंट मॅनेजरांनी अपिलाची पद्धत जाहीर केली. तिच्यात टप्पे आहेत, मुदती आहेत. चांगलंच झालं, जरी ज्यांच्या निर्णयावर अपील करायचं त्यांनीच ती लिहिली हे मला खटकतं. पण बघा, बाहेर काढलेल्याला मुदतींचं संरक्षण मिळालं आणि आत येऊ पाहणारा मात्र बेमुदत थांबू शकतो. कारण उघड आहे. जो आत होता त्याला आवाज आहे, मित्र आहेत. जो अजून आलाच नाही त्याच्या वतीने भांडणार कोण? शिफारस करणाऱ्याने ते करावं असं मला वाटतं, पण त्याची जबाबदारी शिफारशीबरोबर संपते.

जाणाऱ्याचं काय?

आत येण्यावर जेवढं लिहिलं जातं, त्याच्या निम्मंही जाण्यावर लिहिलं जात नाही. स्वयंसेवक राजीनामा देऊन जात नाही. त्याचं लग्न होतं, नोकरी बदलते, मूल होतं, आणि ईमेल येणं कमी कमी होत थांबतं. अकाउंट मात्र जिवंत राहतं.

ते किती धोकादायक आहे हे डेबियनने अनुभवलं आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये एका सदस्याचा पासवर्ड चोरून कुणीतरी मशीन्समध्ये शिरलं. जुलै २००६ मध्ये पुन्हा, एका सदस्याच्या कच्च्या पासवर्डमुळे. दोन्ही वेळा आधी साधं अकाउंट हाती लागलं आणि मग कर्नलमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन पूर्ण ताबा. निष्काळजीपणा एकाचा, घर सगळ्यांचं. म्हणजे अकाउंट सांभाळण्याची जबाबदारी कितीही गटांत वाटा, तिचा एक तुकडा प्रत्येक सदस्याकडे राहतोच. आणि जो सदस्य आता इकडे फिरकतच नाही, त्याच्याकडचा तुकडा कोण सांभाळणार?

डेबियनमध्ये हरवलेल्या सदस्यांची चौकशी करणारा वेगळा गट आहे. तो पत्र पाठवतो, वाट बघतो, आणि शेवटी अकाउंट मॅनेजरांना कळवतो. सन्मानाने निवृत्त होण्याची सोय आहे, परत यायचं असेल तर रस्ता सोपा ठेवला आहे. हे फार माणुसकीचं आहे. पण माणसाला 'तू गेलास का रे?' असं विचारणं सगळ्यांनाच जड जातं.

म्हणून मला २०१५ च्या सुरुवातीची घटना रंजक वाटते. १०२४ बिटच्या जुन्या चाव्या असुरक्षित झाल्या होत्या. कीरिंगच्या टीमने आधी सूचना देऊन, मुदत ठरवून, त्या जुडग्यातून काढल्या. कुणाचं सदस्यत्व त्यामुळे गेलं नाही. पण ज्याने नवी चावी केली, इतर सदस्यांच्या सह्या घेतल्या, तो आहे हे दिसलं. ज्याने नाही केली, त्याच्याकडची जुनी चावी आता कुणाच्या हाती लागली तरी निरुपयोगी. कुणाला काही न विचारता, कुणाचा अपमान न करता, एका तारखेने मोठी साफसफाई केली. जे काम माणसांना अवघड जातं, ते तारखेवर सोपवावं.

तुम्ही वाचाल तेव्हा

तुमच्यापैकी काहीजण पुढे संस्थांवर, संगणकावर, विज्ञानाच्या समाजशास्त्रावर संशोधन करतील. कुठलीही नियमावली हातात आली, तर प्रत्येक हक्कापुढे पाच प्रश्न लिहा : मागतो कोण, ठरवतो कोण, अंमलात आणतो कोण, काढून घेतो कोण, आणि कुणीच काही केलं नाही तर काय होतं? पहिल्या चारांची उत्तरं नियमावलीत बहुधा सापडतात. पाचव्याचं उत्तर सापडलं नाही, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथे आहे. आणि नियम वाचून झाले की प्रत्यक्ष माणसं मोजा. पाच पदांवर दोनच माणसं असतील, तर व्यवस्थाही दोनच माणसांची आहे.

डेबियनवर मी एवढी टीका करू शकले, कारण त्यांनी सगळं लिहून उघड्यावर ठेवलं आहे. आमच्या लॅबवर करायची म्हटलं तर वाचायला काहीच नव्हतं, एक चिठ्ठी होती.

आता एक कागद आहे. सर होकार ईमेलने देतात, अकाउंट दोघांपैकी कुणीही एकजण सात दिवसांत करतो, आणि ते दोघे कधीही एकाच बॅचचे नसतात. दर १ जुलैला सगळी अकाउंट्स बंद होतात, ज्याला हवं त्याने पुन्हा मागायचं. पहिल्या वर्षी बंद झालेल्यांत सिनिअरचं होतं. त्याने पुन्हा मागितलं नाही.

मैत्रिणीने ती सिम्युलेशन्स पुन्हा चालवली. पाच महिने नाही लागले, तीन लागले. कागदावर सात दिवसांची मुदत तिनेच लिहायला लावली.